घरच्या आवारात रेडवूड: लावण्याआधी आणि लावल्यानंतर

बे एरियात घर घेताना आपण शाळा बघतो, कम्यूट बघतो, छत कधी बदललं ते विचारतो. मागच्या फेन्सपाशी उभ्या असलेल्या सत्तर फुटी रेडवूडबद्दल मात्र क्वचितच कुणी विचारतं. राहायला गेल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात प्रश्न सुरू होतात. शेंडा विरळ का दिसतोय? पानं तपकिरी का पडतायत? ड्राइव्हवेला तडा गेला तो मुळांमुळेच का? झाड पाडायचं तर परवानगी लागते का? दुसरीकडे ज्यांचं घर नवं आणि बॅकयार्ड रिकामं, ते उत्साहाने विचारतात, ‘कॅलिफोर्नियात आलोच आहोत, तर एक रेडवूड लावू का?’

या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दोन गोष्टींपाशी येऊन थांबतात: जागा आणि उन्हाळ्यातलं पाणी. ही दोन असतील तर रेडवूडइतकं कमी कटकटीचं झाड नाही. यातलं एक जरी नसेल, तर कितीही खत घाला, कितीही छाटणी करा, झाड आणि तुम्ही दोघंही त्रासात राहाल.

झाड मूळचं कुठलं?

कोस्ट रेडवूड, म्हणजे सेक्वोया सेम्परव्हायरेन्स, हे समुद्रकाठच्या धुक्याचं झाड. ओरेगॉनच्या नैर्ऋत्य टोकापासून मॉन्टेरे काउंटीच्या दक्षिण भागापर्यंत, साधारण साडेचारशे मैलांच्या अरुंद पट्ट्यात ते आपणहून वाढतं. जगातलं सर्वांत उंच ज्ञात झाड, ‘हायपेरियन’, याच जातीचं. २००६ साली रेडवूड नॅशनल पार्कमध्ये ते सापडलं तेव्हा त्याची उंची सुमारे ३८० फूट भरली. जंगलातली काही झाडं दोन हजार वर्षांच्या वरची आहेत.

या पट्ट्यात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. तरीही झाड तगतं ते धुक्यामुळे. पानांवर धुकं जमतं, त्याचे थेंब खाली टपकतात आणि मुळांना मिळतात. काही पानं तर धुक्यातलं पाणी थेट शोषून घेतात. उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात जंगलाला वर्षभरात मिळणाऱ्या पाण्यापैकी साधारण एक तृतीयांश पाणी धुक्याचं असल्याचं दिसलं. आता आपल्याकडे बघा. सॅन होजेत वर्षाला जेमतेम पंधरा इंच पाऊस पडतो, तोही बहुतेक नोव्हेंबर ते मार्चमध्ये. सॅन रमोन, प्लेझंटनकडे उन्हाळ्यात पारा शंभरी ओलांडतो आणि डोंगराअलीकडचं धुकं तिथवर टिकून राहत नाही. जंगलात धुकं जे काम करतं, ते अंगणात तुमच्या नळाला करावं लागतं.

पालो आल्टो शहराला नाव देणारं ‘एल पालो आल्टो’ हे झाड सॅन फ्रान्सिस्किटो ओढ्याच्या काठी, रेल्वेच्या पुलाला खेटून आजही उभं आहे. वय हजार वर्षांच्या वर. भूजल खाली गेलं, कोळशाच्या इंजिनांचा धूर बसला आणि त्याचा शेंडा वाळला. १८१४ मध्ये १३५ फुटांच्या आसपास मोजलेलं हे झाड पुढे ११० फुटांवर आलं. हजार वर्षांचं झाडसुद्धा पाणी तुटलं की वरून वाळत खाली येतं, हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एकदा तिथे जाऊन या.

लावावं की नाही?

पाणी आणि माती मानवली तर कोवळं रेडवूड वर्षाला तीन ते पाच फूट वाढतं. वीस-पंचवीस वर्षांत सत्तर-ऐंशी फूट उंची आणि फांद्यांचा वीस ते तीस फूट पसारा सहज होतो. मुळं खोल जात नाहीत, सोटमूळ नसतं. बहुतेक मुळं वरच्या काही फुटांतच असतात, पण आडवी पन्नास फूट आणि त्याहून लांब पसरतात.

म्हणून रोप आणण्याआधी टेप घेऊन अंगणात उतरा आणि हे तपासा:

- घराच्या पायापासून, ड्राइव्हवेपासून आणि स्विमिंग पूलपासून किमान तीस फूट मोकळं अंतर आहे का?
- सीवर लाइन कुठून जाते? घराच्या कागदपत्रांत नसेल तर प्लंबरकडून माहीत करून घ्या. जुन्या मातीच्या पाइपांच्या सांध्यांत मुळं हमखास शिरतात.
- वर विजेच्या तारा आहेत का? असतील तर विषय तिथेच संपला.
- झाडाची सावली तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या सोलर पॅनलवर पडेल का? उंची आजची नाही, ऐंशी फूट धरा.
- मे ते ऑक्टोबर, दरवर्षी, दुष्काळातसुद्धा या झाडाला पाणी देण्याची तयारी आहे का?

सनीवेल, क्युपर्टिनो, मिल्पिटासकडचा सहा हजार चौरस फुटांचा नेहमीचा प्लॉट या यादीत बहुधा नापास होतो. अशा घरी नवं रेडवूड लावू नका, असंच माझं स्पष्ट मत आहे. त्यातही फेन्सला लागून सहा-सहा फुटांवर रांग लावणं टाळा. शेजाऱ्याची खिडकी दिसू नये म्हणून अशा रांगा लावल्या जातात. पाच वर्षं त्या छान दिसतात, मग एकमेकांचं पाणी ओढतात, फेन्स ढकलतात आणि खालच्या फांद्या सावलीने वाळून पडदाही उरत नाही. मोठं झाड हवंच असेल तर इन्सेन्स सीडर किंवा कोस्ट लाइव्ह ओक यांचा विचार करा. एकदा रुजले की दोघांनाही उन्हाळ्यात फारच कमी पाणी लागतं. लहान अंगणाला टॉयॉन पुरतं.

ज्यांचं घर लॉस गॅटोसच्या वर, सांताक्रूझच्या डोंगरात, हाफ मून बेकडे किंवा मरिनमध्ये आहे आणि आवार ऐसपैस आहे, त्यांनी बिनधास्त लावावं. झाड तिथलंच आहे.

रोप निवडताना

नर्सरीत ‘रेडवूड’ म्हणून तीन वेगळी झाडं मिळतात. कोस्ट रेडवूडची पानं चपटी, फांदीच्या दोन्ही बाजूंना पिसासारखी लागलेली आणि शंकू जेमतेम इंचभर. जायंट सेक्वोया सिएरा नेवाडाचं. त्याची पानं टोचणारी, खवल्यांसारखी आणि शंकू कोंबडीच्या अंड्याएवढा. डॉन रेडवूड चीनचं. ते हिवाळ्यात पूर्ण पानगळ करतं. जानेवारीत उघडंबोडकं दिसलं म्हणून ते मेलं असं समजून उपटू नका.

कोस्ट रेडवूडमध्येही बियांपासून केलेलं रोप कसं निघेल याचा भरवसा नसतो. नावाच्या जाती कलमाच्या असतात, त्यामुळे रंग-रूप ठरलेलं मिळतं. ‘अॅप्टॉस ब्लू’ निळसर हिरवं आणि दाट, फांद्यांची टोकं जरा लवलेली. ‘सोक्वेल’ नाजूक पानांचं. ‘सांताक्रूझ’ फिकट हिरवं आणि मऊ. ‘लॉस आल्टोस’ गडद आणि भरदार. ‘अॅड्प्रेसा’ ही ठेंगणी जात लहान जागेसाठी विकली जाते. तिची नवी पालवी पांढुरकी, सुरेख दिसते. मात्र मधूनच एखादी फांदी सरळ वर निघून मूळच्या उंच झाडासारखी वाढू लागते. ती दिसताक्षणी बुडापासून कापावी लागते.

चोवीस इंची बॉक्समधल्या मोठ्या, महाग झाडापेक्षा पाच किंवा पंधरा गॅलनच्या डब्यातलं रोप घ्या. ते लवकर रुजतं आणि काही वर्षांत मोठ्याला गाठतं. घेताना रोप डब्यातून अलगद काढून दाखवायला सांगा. मुळं डब्याच्या कडेने गोल गोल फिरून जाड झाली असतील तर ते रोप नको. डिसेंबरमध्ये ख्रिसमस ट्री म्हणून कुंडीतलं दोन-तीन फुटी रेडवूड मिळतं, ते घरात आठवड्याभरापेक्षा जास्त ठेवू नका. हीटरच्या कोरड्या हवेत ते वाळतं. आणि सण झाल्यावर ‘आता कुठेतरी लावून टाकू’ म्हणून ते दारापाशी तर मुळीच लावू नका. कुंडीत काही वर्षं ठेवता येतं. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांसाठी बोन्सायही उत्तम. कापल्यावर फुटण्याची या झाडाची खोड बोन्सायला फार सोयीची.

लावायची वेळ आणि पद्धत

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा हंगाम चांगला. पावसात मुळं पसरतात आणि पहिला उन्हाळा येईपर्यंत रोप जमिनीत बसतं.

खड्डा मुळांच्या गठ्ठ्याच्या दुप्पट रुंद करा, पण खोली गठ्ठ्याएवढीच ठेवा. तळाची माती उकरली तर रोप नंतर खचतं. खोड जिथून मुळांत रुंदावतं तो भाग जमिनीच्या पातळीच्या इंचभर वर राहिला पाहिजे. कडेने फिरलेली मुळं धारदार कात्रीने कापा किंवा मोकळी करा. खड्ड्यात तीच माती परत भरा. नुसतं कंपोस्ट भरलेल्या खड्ड्यात मुळं त्या मऊ मातीतच घुटमळत राहतात आणि बाहेरच्या चिकणमातीत जायला तयार होत नाहीत. भोवती तीन-चार इंच उंचीचं आळं करा आणि भरपूर पाणी द्या. वाऱ्याची जागा नसेल तर काठीचा आधार नको; दिलाच तर सैल बांधा आणि वर्षभरात काढा.

रोपाभोवतीच्या मातीवर तीन-चार इंच जाडीचं मल्च पसरा, मात्र खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवा. पुढे झाड स्वतःच आपलं मल्च पाडू लागतं. ती पानं ब्लोअरने उडवून ग्रीन बिनमध्ये भरायची घाई करू नका. घरापासून दूर असतील तर झाडाखालीच राहू द्या; ओल टिकते आणि माती हळूहळू आम्लधर्मी होते. रेडवूडला तेच हवं असतं.

पाणी: किती, कुठे, कसं

पंधरा गॅलनच्या रोपाला पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, दर वेळी दहा-पंधरा गॅलन पाणी द्या. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, पण जास्त. त्यानंतर दहा-बारा दिवसांतून एकदा, खोलवर.

जुन्या झाडाला किती द्यायचं, यासाठी आर्बरिस्ट (वृक्षतज्ज्ञ) एक सोपा हिशेब सांगतात: बुंध्याच्या व्यासाच्या दर इंचाला एका वेळी साधारण दहा गॅलन. व्यास मोजायला जमिनीपासून साडेचार फुटांवर टेप गुंडाळून परीघ घ्या आणि ३.१४ ने भागा. परीघ ७५ इंच आला तर व्यास २४ इंच, म्हणजे एका वेळी सुमारे २४० गॅलन. आकडा मोठा वाटतो, पण हे पाणी रोजचं नव्हे. कोरड्या महिन्यांत दोन आठवड्यांतून एकदा दिलं तरी बहुतेक झाडं तग धरतात. उष्णतेची लाट आली तर मध्ये एक पाळी वाढवा.

पाणी बुंध्याशी ओतायचं नाही. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्याही बाहेर असतात. बुंध्यापासून अर्ध्या अंतरावर एक आणि घेराच्या कडेला एक, अशी सोकर होजची दोन वर्तुळं टाका. नळाला किती पाणी येतं हे माहीत नसेल तर पाच गॅलनची बादली किती वेळात भरते ते घड्याळ लावून बघा. त्यावरून २४० गॅलनला किती मिनिटं लागतील ते काढता येतं. सोकर होजला अर्थातच त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, म्हणून मीटर बघून एकदा अंदाज घ्या आणि टायमर लावा.

पाणी पुरेसं मुरलं का, हे कळायला लांब स्क्रूड्रायव्हर किंवा लोखंडी सळई पुरते. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी ती मातीत खुपसा. फूट-दीड फूट सहज गेली तर काम झालं. चार-सहा इंचांवर अडली तर पाणी वरवरच राहिलंय; पुढच्या वेळी हळू आणि जास्त वेळ द्या. सळई काढताना चिखल आणि कुजका वास आला तर मात्र पाणी जास्त होतंय किंवा निचरा नाही.

हिवाळा कोरडा गेला तर जानेवारी-फेब्रुवारीतही पाणी द्यावं लागतं.

लॉन काढताय? आधी झाडाचं बघा

साउथ बेमधली कितीतरी रेडवूड्स वाळण्याचं खरं कारण इथे आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ही झाडं लॉनच्या मध्ये किंवा कडेला लावली गेली आणि लॉनच्या स्प्रिंकलरवर वाढली. २०१२ ते २०१६ च्या दुष्काळात लोकांनी पाणी वाचवायला लॉन बंद केलं, अनुदान मिळतंय म्हणून काढून टाकलं. जागी खडी आली, दोन कॅक्टस आले आणि झाडाचं पाणी एका झटक्यात तुटलं. त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. एक-दोन वर्षांनी शेंडा विरळ होतो, वरून आकाश दिसू लागतं, मग वरच्या फांद्या वाळतात. तोवर लॉन काढल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं.

लॉन काढायला हरकत नाही, काढाच. पण लँडस्केपरशी बोलताना पहिली अट ही घाला: रेडवूडसाठी ड्रिपची किंवा सोकरची स्वतंत्र लाइन, स्वतंत्र व्हॉल्व्हवर. ती चालू झाल्यावरच लॉन बंद करायचं. खडीऐवजी लाकडी मल्च घाला. तापलेली खडी वरची मुळं भाजते. लॉन काढताना जमीन खोल खणू नका आणि रोटोटिलर चालवू देऊ नका. गवत कार्डबोर्डने झाकून वर मल्च टाकलं की ते आपोआप मरतं आणि मुळांना धक्का लागत नाही.

तपकिरी पानं: कधी काळजी करायची, कधी नाही

दर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लोक घाबरून फोटो पाठवतात. त्यातले निम्मे-अधिक फोटो साध्या पानगळीचे असतात. रेडवूड सदाहरित असलं तरी जुनी पानं टाकतंच. फरक ओळखायला फांदी जवळून बघा.

खोडाजवळची, फांदीच्या आतल्या बाजूची पानं तपकिरी होऊन छोट्या डहाळ्यांसकट गळतायत आणि टोकं हिरवीगार आहेत: ही नेहमीची पानगळ. काही करू नका.

पानांची टोकं जळल्यासारखी तपकिरी आणि बुडखा हिरवा: बहुतेक क्षारांचा त्रास. रिसायकल्ड पाणी, वॉटर सॉफ्टनरचं पाणी किंवा मिठाच्या पूलचं पाणी झाडाला जातंय का ते तपासा. रेडवूडला सोडियम, क्लोराइड आणि बोरॉन अजिबात सोसत नाही. शक्य असेल तर साध्या पाण्यावर आणा. जमत नसेल तर अधूनमधून साध्या पाण्याची मोठी पाळी देऊन क्षार खाली धुऊन काढा. निचरा चांगला असेल तरच याचा उपयोग होतो.

नवी पानं पिवळी, शिरा त्यातल्या त्यात हिरव्या: अल्कधर्मी मातीत लोह मिळत नाही. सॅन्टा क्लारा व्हॅलीच्या चिकणमातीत हे नेहमीचं. मातीत गंधक मिसळणं आणि चिलेटेड आयर्न देणं हा उपाय, पण आधी माती तपासून घ्या.

इकडे एक, तिकडे एक अशी अख्खी फांदी लालसर तपकिरी झालीय आणि मधल्या सगळ्या हिरव्या आहेत: बोट्रिओस्फेरियासारख्या बुरशीचा कँकर. तो तहानलेल्या झाडावर येतो. वाळलेली फांदी जिवंत लाकडात काही इंच आत जाऊन कापा, दर कापानंतर हत्यार सत्तर टक्के अल्कोहोलने पुसा आणि पाणी सुधारा. बुरशीनाशक फवारून हा रोग बरा होत नाही, त्यामुळे त्यावर पैसे घालवू नका.

शेंडाच वाळलाय किंवा सगळं झाड एकदम विटकरी झालंय: आर्बरिस्टला लगेच बोलवा.

जमिनीत लावलेल्या रेडवूडला सहसा खत लागत नाही. तहानलेल्या झाडाला नायट्रोजन देणं तर उलट त्रासाचं.

मुळं, छाटणी आणि बांधकाम

रेडवूडचा शेंडा कधीही छाटू नका. कापलेल्या जागेतून दोन-चार शेंडे फुटतात, त्यांचे सांधे कच्चे राहतात आणि वादळात तेच तुटून छतावर पडतात. खालच्या फांद्या ये-जा अडवत असतील तेवढ्याच काढा. त्यांची सावली मुळांना गार ठेवते. बुंध्याभोवती दर वर्षी नवे फुटवे येतात, केळीच्या खुंटाभोवती पिल्लं येतात तसे. जंगलात जुनं झाड गेलं की याच फुटव्यांचं वर्तुळ उभं राहतं. अंगणात ते नको असतील तर कोवळे असतानाच बुडापासून काढा. मोठी छाटणी पक्ष्यांच्या विणीचा हंगाम टाळून, सप्टेंबर ते जानेवारीत करा.

आजकाल मागच्या अंगणात एडीयू, म्हणजे छोटं स्वतंत्र घर, बांधण्याची लाट आहे. आई-बाबा येऊन राहतील म्हणून बांधलेल्या खोलीच्या पायाने कितीतरी चांगली झाडं घालवली आहेत. बुंध्याच्या व्यासाच्या दर इंचामागे किमान एक फूट त्रिज्येचं वर्तुळ आखा. २४ इंची झाडाला २४ फूट. या वर्तुळात खोदकाम नाही, काँक्रीट नाही, मातीचा भराव नाही, कंत्राटदाराचा ट्रक नाही की विटांची थप्पी नाही. प्लॅन काढण्याआधीच आर्बरिस्टला दाखवा. प्लॅन पास झाल्यावर दाखवून उपयोग नसतो. एका बाजूची मुळं तोडलेलं झाड वाऱ्यात कलंडू शकतं.

आर्बरिस्ट निवडताना इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बरिकल्चरचं सर्टिफिकेट, राज्याचं कंत्राटदार लायसन्स आणि विमा, तिन्ही बघा. बोलता बोलता ‘वरून वीस फूट उडवून टाकू, हलकं होईल’ असं कुणी म्हणालं, तर चहा पाजून परत पाठवा.

झाडाखाली काय लावायचं?

कढीपत्ता, मोगरा, टोमॅटो, मिरची यांना रेडवूडखाली जागा नाही. ऊन मिळत नाही आणि मुळं पाणी ओढून घेतात. रेझ्ड बेड करून अळू लावावं म्हटलं, तर वर्ष-दोन वर्षांत रेडवूडची बारीक केसाळ मुळं तळातून वर चढून सगळा वाफा व्यापतात. फावडं घालावं तर सतरंजीच्या विणीसारखी जाळी हाती लागते. भाजीपाला झाडापासून लांब, उन्हात लावा.

झाडाखाली त्याच्या जंगलातल्या सोबत्यांनाच बोलवा: स्वॉर्ड फर्न, रेडवूड सोरेल, वाइल्ड जिंजर, डग्लस आयरिस, हकलबेरी. यांना सावली आणि तेच पाणी चालतं. लहान रोपं मोठ्या मुळांच्या फटींत लावा, खड्डे मोठे नकोत.

शेजारी, परमिट आणि आग

झाड तुमच्या जागेत असलं तरी पाडायचा निर्णय बहुतेक शहरांत तुमचा एकट्याचा नसतो. पालो आल्टोत १८ इंच किंवा त्याहून जास्त व्यासाचं रेडवूड संरक्षित आहे. सॅन होजेत साडेचार फुटांवर परीघ ३८ इंच किंवा त्याहून जास्त असेल तर कुठल्याही झाडाला परमिट लागतं. प्रत्येक शहराचे आकडे वेगळे आणि बदलत असतात; आपल्या शहराच्या वेबसाइटवर बघून मगच कुणाला बोलवा. एचओए (घरमालकांची संघटना) असेल तर त्यांचे नियम वेगळे.

शेजाऱ्याच्या फांद्या किंवा मुळं आपल्या हद्दीत आली तर ती कापता येतात, पण मनमानी करून झाडाला इजा करता येत नाही, असं कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने १९९४ च्या एका निकालात स्पष्ट केलं आहे. सनीवेलमधला रेडवूड आणि सोलर पॅनलचा खटला तर देशभर गाजला. एका घरी नव्वदच्या दशकात आठ रेडवूड लावले होते, शेजाऱ्याने नंतर पॅनल बसवले, आणि प्रकरण सोलर पॅनलवरच्या सावलीविषयीच्या १९७८ च्या कायद्याखाली कोर्टात गेलं. निकाल झाडवाल्यांच्या विरोधात लागला. त्यानंतर २००८ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि पॅनलच्या आधी लावलेल्या झाडांना सूट मिळाली. आज नवं झाड लावताना शेजारी पॅनल आधीच असतील, तर ही सूट तुम्हाला नाही.

आगीबद्दल एक गैरसमज आहे. ऑगस्ट २०२० च्या आगीत बिग बेसिन पार्क जवळजवळ सगळं जळलं आणि तरी तिथल्या रेडवूड्सना पुन्हा पालवी फुटली. फूटभर जाड होऊ शकणारी साल झाडाला वाचवते, हे खरं. ती तुमच्या घराला मात्र वाचवत नाही. छपरावर आणि पन्हाळीत साचलेली वाळकी पानं ठिणगीने पेटतात. उन्हाळ्याआधी आणि पानगळीनंतर पन्हाळी साफ करा, छतावर झुकलेल्या फांद्या काढा आणि घराच्या भिंतीपासून पाच फुटांत मल्च किंवा पाचोळा ठेवू नका. डोंगराकडच्या घरांना हे दुप्पट लागू.

आणि भारतात?

म्यूर वूड्स या रेडवूडच्या जंगलातल्या दुकानातून बियांचं पाकीट घेऊन महाबळेश्वरला किंवा कोकणातल्या घरी लावावं, असा मोह बऱ्याच पाहुण्यांना होतो. एक तर प्लांट क्वारंटाइन ऑर्डर, २००३ प्रमाणे परवान्याशिवाय भारतात बी नेता येत नाही. दुसरं, सह्याद्रीचं हवामान या झाडाच्या अगदी उलटं. महाबळेश्वरला चार महिन्यांत पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि मग आठ महिने कोरडे. गार उन्हाळी धुकं नाही. गावच्या जागेत जांभूळ, हिरडा, अंजनी लावा. रेडवूड बघायला इथे या.

ज्यांच्याकडे जागा आणि पाणी दोन्ही आहे, त्यांनी येत्या नोव्हेंबरात पाच गॅलनचं एक रोप आणावं. एकच. बाकीच्यांनी नव्या झाडाचा हट्ट सोडावा आणि घराबरोबर मिळालेलं जुनं झाड सांभाळावं. घर विकायची वेळ आली तर पाण्याची ती स्वतंत्र लाइन कुठे आहे आणि टायमर कसा लावलाय, हे नव्या मालकाला कागदावर लिहून द्या. हे झाड तुमच्यानंतरही कित्येक मालक बघणार आहे.